जास्वंदीपाशी वळणारी वाट : एका बागेतल्या मागच्या फेऱ्याचं प्रकरण

कर्वेनगरच्या बाजूला ओढ्याकाठी एक बाग आहे, साधारण दीड एकराची. नाव देत नाही, कारण अशा बागा पुण्यात पेठोपेठी आहेत आणि मला एका बागेचं गाऱ्हाणं मांडायचं नाही. बाग लांबट आहे. पुढचं फाटक मोठ्या रस्त्यावर, मागचं फाटक सोसायट्यांच्या गल्लीत. पुढच्या अर्ध्यात हिरवळ, झोके-घसरगुंडी आणि ज्येष्ठांचा कट्टा. मागच्या अर्ध्यात ओढ्याच्या कडेनं वळत जाणारी वाट आणि दोन्ही अंगांना दाट झाडोरा. रोज येणारी मंडळी त्याला ‘मागचा फेरा’ म्हणतात.

ती वळणाची वाट मी काढली होती. बारा वर्षांपूर्वी मी उद्यानरचनेच्या एका लहानशा कार्यालयात नवखी होते आणि बागेचा हा मागचा तुकडा माझ्या हाती आला. जे शिकले होते ते सगळं त्या कागदावर उतरवलं. वाट सरळ न्यायची नाही. थोडं दाखवायचं, थोडं राखून ठेवायचं, म्हणजे पाऊल आपोआप पुढे पडतं. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं माणसाला निसर्गदृश्यं का आवडतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आवडीमागच्या एका गुणाला त्यांनी ‘गूढ’ म्हटलं: आणखी पुढे गेलात तर आणखी काही सापडेल, असं दृश्यच सांगत असतं. मी हे गूढ चार वळणांत बसवलं. वळणावर पिवळ्या बांबूची बेटं, कडेला कोयनेलचं कुंपण, मधूनमधून जास्वंद, तगर, अकॅलिफा. तीन-चार पावसाळ्यांत सगळं भरून आलं. सकाळी सातला तिथं ऊन बांबूतून गाळून येतं, भारद्वाज हमखास दिसतो, लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला येतात. बागेतली ती सगळ्यांत देखणी जागा होती. माझी म्हणून म्हणत नाही, तिथं उभं राहिलेल्या कुणालाही विचारावं.

मग एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. शाळेतून निवृत्त झालेल्या, मागच्याच गल्लीत राहणाऱ्या. म्हणाल्या, “अगं, तुझा मागचा फेरा इतका छान आहे, पण संध्याकाळी आम्ही बायका जास्वंदीपाशीच वळतो गं. एकदा येऊन बघ.”

झिजलेला अर्धगोल

गेले तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. त्या दिवसांत पुण्यात सहाच्या ठोक्याला सूर्य बुडतो, जूनअखेर तोच सव्वासातपर्यंत रेंगाळतो. बाग संध्याकाळी चार ते आठ उघडी. म्हणजे उन्हाळ्यात जेमतेम पाऊण तासाचा अंधार असतो आणि हिवाळ्यात निम्मा वेळ अंधारातच जातो. आराखडा काढताना हा हिशोब मी केला नव्हता. माझ्या चित्रात कायम सकाळच होती.

बाई सांगत होत्या ते जमिनीवर लिहिलेलं होतं. पहिल्या वळणाच्या अलीकडे जास्वंदीचं मोठं झुडूप आहे. तिथं वाटेला लागून असलेलं गवत झिजून लाल मातीचा एक अर्धगोल पडला होता, चार पावलांचा असेल. मी कट्ट्यावर बसून पाहत राहिले. पुढच्या फाटकातून दोघी-तिघी बोलत यायच्या, जास्वंदीपाशी बोलणं किंचित तुटायचं, त्या फरसबंदी सोडून गवतावरून वळायच्या आणि बोलणं पुन्हा सुरू व्हायचं. कुणी थांबत नव्हतं की कुणी कुणाला “इथून वळू या” म्हणत नव्हतं. पाय आपले आपण वळत होते. एकटी आलेली मुलगी तर त्याच्याही दहा पावलं आधी फिरली. पुरुष मात्र कानात इयरफोन घालून सरळ पुढे जात होते.

माळीकाकांना विचारलं, काही घडलंय का इथं? ते म्हणाले, “मॅडम, आपल्या बागेत कधी काही झालं नाही. बाहेर रस्त्यावर मंगळसूत्र ओढलं होतं एकीचं, ते पण मागं कधीतरी. आत पोरं बसतात बांबूमागं, सिगारेटी ओढतात, हाकललं की जातात.” पोलिसांच्या वहीत ही बाग कोरी होती.

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत आणि आपण ते एकाच अर्थानं वापरतो. सुरक्षित आणि निर्धास्त. बाग सुरक्षित होती. बायका निर्धास्त नव्हत्या. सुरक्षित असणं नोंदींवरून ठरतं. निर्धास्त असणं पावलात, मानेच्या मागं, पर्सच्या पट्ट्यावर आवळलेल्या बोटांत असतं. दुसरी गोष्ट मोजता येत नाही म्हणून ती कमी खरी ठरत नाही. जिला निर्धास्त वाटत नाही ती बागेत येतच नाही, आणि मग तिच्यापुरती ती बाग नसल्यातच जमा.

डोळा आणि आडोसा

जे अ‍ॅपलटन या इंग्रज भूगोलतज्ज्ञानं १९७५ मध्ये मांडलं की माणसाला ती जागा आवडते जिथून स्वतः न दिसता दूरवर पाहता येतं. डोळ्यांना मोकळं मैदान आणि पाठीला आडोसा. टेकडीच्या उतारावर झाडाला टेकून बसलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. पण अ‍ॅपलटनच्या चित्रात आडोसा पाहणाऱ्याचा आहे. जॅक नासर आणि बॉनी फिशर यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात संध्याकाळी कुठं भीती वाटते याचा अभ्यास केला आणि तोच नियम उलटा करून पाहिला. आडोसा दुसऱ्याचा असेल तर? माझ्यासमोर मोकळं दिसत नाही, त्याला लपायला जागा आहे आणि मला निसटायला वाट नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की भीती सगळ्यांत जास्त. त्यांच्या अभ्यासाचा हा गाभा आम्ही बागेत तीन साध्या प्रश्नांत उतरवला: पुढचं दिसतं का? कुणी लपू शकतं का? सुटता येतं का?

माझ्या चारही वळणांवर तिन्ही प्रश्नांची उत्तरं चुकीची होती. कोयनेलचं कुंपण मी कागदावर कमरेएवढं धरलं होतं. आता ते माझ्या खांद्याला लागत होतं, कारण छाटणी वरून होत नव्हती, फक्त वाटेवर आलेल्या फांद्या कापल्या जात होत्या. त्यामुळे वाटेला हिरव्या भिंती आल्या होत्या. बांबूच्या बेटाचा बुंधा कधी साफ झालाच नव्हता. वाळकी पानं, काटक्या, जुन्या कोंबांची सालं यांचा छातीइतका गच्च पडदा. ज्या गूढानं सकाळी सातला पाऊल पुढे ओढलं जात होतं, तेच गूढ संध्याकाळी सातला पाऊल मागं ओढत होतं. पुढे आणखी काही सापडेल, हे वाक्य तेच, फक्त उजेड गेला होता.

१९८४ मध्ये हर्बर्ट श्रोडर आणि अँडरसन यांनी शिकागो आणि अटलांटामधल्या बागा-मैदानांची छायाचित्रं लोकांना दाखवून दोन वेगळे प्रश्न विचारले होते: देखणी कोणती आणि सुरक्षित कोणती. दाट झाडी देखणेपणात वर गेली आणि सुरक्षिततेत खाली आली. मोकळी नजर आणि माणसांच्या वावराच्या खुणा सुरक्षिततेत वर. हा निष्कर्ष मी कॉलेजात वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. लाल मातीचा तो अर्धगोल पाहीपर्यंत तो माझ्या कामात उतरला नव्हता.

सगळं कापलं, तेव्हा

मी सुचवण्या लिहून देणार होते. त्याआधीच दुसरीकडून तक्रार गेली आणि जानेवारीत झाडोरा साफ झाला. साफ म्हणजे अक्षरशः साफ. कोयनेल मुळापासून, तगर-अकॅलिफा गेले, बांबू जमिनीलगत तोडला, जास्वंद तेवढी एका आजींनी आड उभं राहून वाचवली. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे मोठ्या झाडांना हात लागला नाही, झुडपांच्या बाजूनं तसं कुणी नव्हतं. मग ओढ्याच्या भिंतीवर एक उंच खांब उभा राहिला आणि त्यावर दोन पांढरेफेक फोकस.

आता सगळं दिसत होतं. तक्रार मिटल्याचं कागदावर लिहिलं गेलं.

फेब्रुवारीत मी पुन्हा त्याच कट्ट्यावर बसले. अर्धगोल तसाच होता. उलट तो जास्वंदीपासून दहा-बारा पावलं अलीकडे सरकला होता, म्हणजे बायका आता आणखी लवकर वळत होत्या. मार्चमध्ये उन्हं तापली तशी मागच्या फेऱ्यातली दुपारची वर्दळही संपली. चारला येऊन सावलीत भाजी निवडत बसणाऱ्या दोघी पुढे सरकल्या. बाकांवर धूळ साचली. फोटो काढणारी जोडपी बंद झाली. भारद्वाजही दिसेना.

मी त्या निवृत्त बाईंना विचारलं, “आता तर सगळं मोकळं आहे, मग का जात नाही?” त्यांचं उत्तर मी वहीत तसंच्या तसं उतरवून घेतलं: “सगळं दिसतं गं, पण कुणी दिसत नाही.”

शेजारच्या कॉलेजच्या मुलीनं दुसरी बाजू सांगितली. फोकसखाली उभं राहिलं की तिला वाटायचं आपण रंगमंचावर आहोत आणि प्रेक्षक काळोखात. मी स्वतः जाऊन उभी राहिले. अगदी खरं होतं. उघड्या फोकसचा झोत डोळ्यांत जातो, बाहुली आकसते आणि झोताबाहेरचं सगळं आधीपेक्षा काळं होतं. समोरून येणाऱ्या माणसाच्या पाठीवर उजेड आणि चेहऱ्यावर अंधार. रात्री वाटेवर बाईला जमीन दिसून भागत नाही, तिला चेहरा वाचता यायला हवा. हा कोण आहे, कुठं बघतोय, कसा चालतोय. प्रकाशयोजना करणारे त्यासाठी उभ्या पातळीवरचा, म्हणजे चेहऱ्यावर पडणारा उजेड वेगळा मोजतात. उंच खांबावरचा एकच प्रखर दिवा हे काम करूच शकत नाही. त्याहून कमी उंचीचे, जवळजवळचे चार मंद दिवे ते करतात.

इथं मला माझं मत स्पष्ट सांगायचंय, कारण पुण्यात हा उपाय पुन्हा पुन्हा होताना दिसतो. काही झालं, किंवा काही होईल असं वाटलं, की आधी झुडपं जातात. झुडपांना दोष देणं सोपं असतं. पण उजाड जागेत कुणी थांबत नाही आणि जिथं कुणी थांबत नाही तिथं एकटी बाई जात नाही. शिकागोत कुओ आणि सलिव्हन यांनी २००१ मध्ये एका गरीब वस्तीतल्या ९८ इमारती तपासल्या. जिथं भोवती झाडं आणि गवत जास्त होतं, तिथं नोंदले गेलेले गुन्हे कमी होते. ती हिरवाई उंच फांद्यांच्या झाडांची आणि गवताची होती, नजर न अडवणारी. लोक तिच्याखाली बसायला येत, आणि बसलेली माणसं आजूबाजूला बघत असत. झाडं किती, यापेक्षा त्यांची पानं जमिनीपासून किती उंचीवर आहेत हे आधी विचारायला हवं.

आपल्याच गावात पाहा. पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर बांधलं आहे. झाडी कमी नाही, पण हिरवळीचा मोठा पट आणि गुडघ्याइतकी गोल छाटलेली झुडपं यामुळे या टोकावरून त्या टोकाची वाट दिसते. सारसबागेत उंचावरचं गणपतीचं देऊळ बागेतून कुठूनही दिसतं आणि बाहेर भेळेच्या गाड्यांवर लोक उभेच असतात. दोन्ही ठिकाणी बायका सांजवेळी निवांत दिसतात, कारणं मात्र अगदी वेगळी आहेत.

रांगोळीची चिमूट

बायकांनी स्वतः अंधारात चालून जागा तपासायची, ही पद्धत टोरोंटोतल्या मेट्रॅक या संस्थेनं १९८९ मध्ये सुरू केली. आपल्याकडे २०१३ पासून सेफ्टीपिन या अ‍ॅपनं ती फोनवर आणली: उजेड, मोकळेपणा, नजरेचा आवाका, वर्दळ, त्यात बायका किती, आणि शेवटी नुसतं ‘कसं वाटतं’. आम्ही ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, आमच्या पद्धतीनं ती केली. निवृत्त बाई, कॉलेजची मुलगी, बाबागाडी ढकलणारी एक तरुण आई, चष्म्याचा जाड नंबर असलेल्या आजी, आणि गल्लीतल्या तीन सोसायट्यांत पोळ्या करणाऱ्या मावशी. मावशींना मी मुद्दाम बोलावलं. बाकीच्यांना बाग हौसेची होती, त्यांना ती रस्ता म्हणून हवी होती. बागेतून गेलं तर त्यांचा मोठा वळसा वाचतो.

प्रत्येकीच्या हातात रांगोळीची पुडी दिली. एकेकटीनं जायचं, बोलायचं नाही, विचार करायचा नाही. पाऊल जिथं अडखळेल तिथं चिमूटभर टाकायची, बस. सकाळी उजेडात मी आणि माळीकाका ते पांढरे ठिपके पाहायला गेलो.

फोकसच्या झोताची कड जिथं संपते तिथं ठिपक्यांची ओळच होती, आतल्या अंधारात नव्हती. पंपाच्या खोलीच्या कोपऱ्यावर पाचही जणींनी टाकलेली. आणि सगळ्यांत मोठा ढीग मागच्या फाटकापाशी. त्याउलट वर्षावृक्षाखाली, जिथं मला सर्वांत काळोख वाटत होता आणि जिथं दिवा लावायचा असं मी ठरवूनच आले होते, तिथं एकही ठिपका नव्हता. मी तिथं उभी राहून पाहिलं. झाडाच्या फांद्या उंच, त्यांच्याखालून नजर थेट कुंपणाच्या जाळीपलीकडे जाते आणि तिथं गल्लीतल्या इस्त्रीवाल्यांची टपरी आहे. पिवळा दिवा, रेडिओ, नऊपर्यंत कपड्यांवर फिरणारी इस्त्री. अंधारात उभी असलेली बाई एका जागत्या माणसाला पाहू शकत होती, आणि हाक मारली तर ते ऐकणार होते. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या गल्ल्यांबद्दल लिहिताना रस्त्यावर असलेल्या डोळ्यांचं मोल सांगितलं होतं. इथं ते डोळे एका टपरीत होते.

फाटकाची गोष्ट मात्र मनाला लागली. मागच्या फाटकाला संध्याकाळी सहालाच कुलूप लागत असे. कारण विचारलं तर सुरक्षा. चोर-पोरं मागून येतात म्हणून मागून बंद. म्हणजे मागच्या फेऱ्यात शिरलेल्या बाईला परत यायला तीच एक लांबलचक वाट. मावशी म्हणाल्या, “ताई, मी एकदा गेले होते आत. कुलूप पाहिलं आणि पायातलं बळच गेलं. परत येईस्तोवर जीव नुसता मुठीत.” मागून कुणी आलं नव्हतं. कुणी येऊन गेलं असतं तर, एवढ्यावर त्यांनी वर्षभर वळसा घातला. बागेच्या सुरक्षेसाठी लावलेलं कुलूप त्यांच्यासाठी सापळा होतं.

काय बदललं

खर्चाचं काम थोडं होतं, पाठपुराव्याचं जास्त. फाटक आठपर्यंत उघडं राहू लागलं. इस्त्रीवाल्यांनी किल्ली ठेवायचं कबूल केलं आणि फाटकासमोरची जाळी मोकळी केली. फोकस खाली उतरले. त्याजागी साधारण दोन पुरुष उंचीचे खांब, उबदार रंगाचे झाकलेले दिवे, असे की एकाचा उजेड संपण्याआधी दुसऱ्याचा सुरू व्हावा. दोन दिवे आधी वर्षावृक्षाच्या पानांच्या वर बसवले होते, त्यांचा उजेड पाखरांनाच मिळत होता, ते खाली घेतले.

लावणीबद्दल मला काळजी होती, पण बांबूनं मदत केली. जमिनीलगत तोडलेली बेटं पावसाळ्यात कोंब फुटून पुन्हा उभी राहिली होती. आम्ही कोंब निवडले. प्रत्येक बेटात मोजक्याच काठ्या ठेवल्या, बुंध्याकडची पानं आणि काटक्या डोक्याच्या उंचीपर्यंत सोलून काढल्या. आता बेटाच्या आरपार दिसतं, पिवळ्या काठ्यांच्या फटींतून पलीकडची वाट आणि चालणाऱ्याची सावली. वळण आहे, पण वळणापलीकडे काय आहे ते आधी कळतं. कडेला कोयनेल परत लावलं नाही. गुडघ्याखाली राहणारी पावसाळी लिली आणि गवती चहा लावला. गवती चहा तरुण आईनं सुचवला, कारण लोक पात खुडायला वाकतात आणि मग थोडं रेंगाळतात. माळीकाकांना एकच नियम सांगितला: झुडूप गुडघ्यापर्यंत, झाडाची फांदी डोक्याच्या वर, मधला पट्टा डोळ्यांचा.

बांबूमागच्या पोरांचं काय झालं, हे विचारायला हवं आणि मला त्याचं समाधानकारक उत्तर देता येत नाही. ती वस्तीतली मुलं आहेत, घरात दहा बाय बाराच्या खोलीत चौघं. बेट साफ झाल्यावर ती ओढ्यापलीकडे गेली. पुढच्या भागात त्यांच्यासाठी एक बास्केटबॉलचा रिंग मागितला होता, कट्ट्यावरच्या मंडळींनी आवाजाचं कारण सांगून तो नाकारला. मला हे पटलेलं नाही. त्यांतल्या एकानं कधी कुणाकडे वाईट नजरेनं पाहिल्याचं कुणीच सांगितलं नाही. त्यांना उजेडात बसायला जागा असती तर तीही बागेचे डोळे झाली असती.

निम्म्या बायका अजूनही पावणेसातनंतर मागं जात नाहीत. कॉलेजच्या मुलीच्या घरून तिला सातच्या आत घरी यायला सांगितलेलं आहे, तिथं बांबू छाटून काही होत नाही. पण पोळ्यांच्या मावशी रोज फाटकातून येतात. जानेवारीत एकदा मी त्यांना चाफ्याखालच्या बाकावर चप्पल काढून बसलेलं पाहिलं. मला पाहून उठू लागल्या, म्हटलं बसा. “पाच मिनिटं बसते ताई इथं. सकाळपासून बसायलाच मिळत नाही.” जास्वंदीजवळच्या अर्धगोलावर पाऊस पडून गेल्यावर गवत धरू लागलं होतं, कडेनं आत येत.

एक गोष्ट राहिली होती, ती आजींच्या लक्षात आली. दिव्यांचा टायमर उन्हाळ्यात साडेसातला लावलेला, नोव्हेंबरात तो तसाच. सहा ते साडेसात, सगळ्यांत जास्त वर्दळीचा दीड तास, आम्ही इतकी खटपट करून बसवलेले दिवे बंदच होते. आता माळीकाका तो हातानं बदलतात. पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी खडूनं लिहून ठेवलंय: कोजागिरीला पावणेसहा, होळीला साडेसहा, वटपौर्णिमेला सात.